मदरबोर्ड बसवण्याआधी स्टँडऑफ मोजा

पहिला पीसी जोडताना मी एक चूक केली होती. बटण दाबलं की पंखा जरासा फिरायचा आणि लगेच बंद! वाटलं, बोर्ड गेला, पैसे पाण्यात. बोर्ड बाहेर काढल्यावर कळलं, कॅबिनेटमध्ये एक पितळी स्टँडऑफ जास्तीचा होता. बोर्डला तिथे छिद्रच नव्हतं, त्यामुळे तो मागच्या सोल्डरला टेकून शॉर्ट होत होता. एसएमपीएस वेळीच वीज तोडत होता, म्हणून बोर्ड वाचला.

तेव्हा आधी बोर्डची छिद्रं बघा, तेवढेच आणि त्याच जागी स्टँडऑफ लावा. आयओ शील्ड वेगळी आली असेल तर बोर्डच्या आधी बसवा. स्क्रू हलक्या हाताने आवळा. मग २४ पिनची मुख्य केबल जोडा आणि प्रोसेसरजवळची ८ पिनची केबल विसरू नका.