तीन ट्रॉल्या लाकडं आणि एक ट्रॅक्टर

घरोघर गॅस आला तरी कोकणातल्या आमच्यासारख्या घरांतली चूल काही विझली नाही. आंघोळीचं पाणी न्हाणीतल्या चुलीवरच तापतं. अम्मीला तांदळाची रोटी मातीच्या खापरीवरच भाजायची असते. आणि अकीका असो की वलीमा, बावर्ची अंगणात पाऊल टाकतो तो आधी लाकडं बघतो, मग देग. लाकडं ओली असली तर त्याच्या कपाळावर पडणारी आठी आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत.

आमचं घर दापोली तालुक्यात, खाडीकाठी. घरातले दोन पुरुष कुवेतला, उरलेले आम्ही इथे. पूर्वी लाकडं फोडायला माणसं मिळायची. आता ती मुंबईला गेली, नाहीतर म्हातारी झाली. त्यामुळे दर वर्षी फाल्गुन-चैत्रात पावसाळ्याच्या बेगमीचा प्रश्न घरात उभा राहतो: लाकडं तोडणार कोण, वाहणार कोण आणि फोडणार कोण?

गेल्या वर्षी भाईजाननी कुवेतहून फोनवर त्याचं उत्तर देऊन टाकलं. "एक मिनी ट्रॅक्टर घेऊन टाका, पैसे मी पाठवतो. अम्मीला आणि भाभीला आता मोळ्या वाहायला लावू नका." भावाची माया त्यात होती, म्हणून लगेच नाही म्हणवेना. आम्ही चौकशीला लागलो. त्या चौकशीत जे कळलं, थोडं शिकून आणि थोडं घाबरून, ते इथे लिहीत आहोत. आखातातला पैसा आणि गावातलं सरपण अशी गाठ असलेली घरं आपल्या वाचकांत बरीच असतील.

सगळ्यात आधी आम्ही एक साधी गोष्ट केली, जी चाळीस वर्षांत केली नव्हती. आठवडाभर चुलीत जाणारं लाकूड काट्यावर टांगून मोजलं. दिवसाला सरासरी सात किलो भरलं. वर्षाचे अडीच टन, वर सण-समारंभाचं धरून तीन टन. लहान ट्रॉलीत टनभर लाकूड मावतं. म्हणजे वर्षाच्या तीन ट्रॉल्या! आम्ही विचारलं तेव्हा पंधरा अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर ट्रॉलीशिवाय साडेतीन लाखांच्या घरात होता. वर्षातल्या दोन-तीन दिवसांच्या कामासाठी साडेतीन लाखांचं यंत्र मांगरात उभं करायचं, त्याची बॅटरी उतरू द्यायची, टायरांना उन्हात भेगा पडू द्यायच्या. हिशेब जमेना.

ज्यांची शेती आणि बाग मोठी आहे, त्यांची गोष्ट वेगळी. आंबा-काजूच्या बागेत फवारणी, नांगरणी, खत वाहणं ही कामं असतील तर लहान ट्रॅक्टर वर्षभर राबतो आणि सरपण त्याच्या पाठीवर फुकट येतं. महिंद्रा युवराज २१५ पंधरा अश्वशक्तीचा, व्हीएसटीचा एमटी १८० डी साडेअठरा अश्वशक्तीचा. कुबोटाचा निओस्टार बी २४४१ चोवीसचा आणि चारही चाकांना ओढ असलेला. कोकणातल्या बांधाबांधांतून आणि गडग्यांमधल्या वाटेतून अरुंद यंत्रच जातं, म्हणून आधी आपल्या वाटेची रुंदी टेपने मोजावी, मग दुकानात जावं. पण अरुंद यंत्र उतारावर लवकर कलंडतं हेही तितकंच खरं. जांभ्याच्या सड्यावर सुके खडे असतात, त्यांवरून चाक गोट्यांवरून घसरावं तसं घसरतं. त्यामुळे अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा ब्रेक, चारचाकी ओढ आणि चालकाच्या डोक्यामागची लोखंडी कमान या तीन गोष्टी आम्ही महत्त्वाच्या मानतो. दुकानदार बहुधा या क्रमाने सांगत नाही.

भातशेती असेल तर पॉवर टिलर परवडतो. चिखलणी होते आणि मागे छोटी ट्रॉली लावून लाकडंही येतात. मात्र एक गोष्ट नवख्याला कुणी सांगत नाही. भरलेली ट्रॉली उतारावर टिलरला मागून ढकलू लागली की वळण्याचा क्लच उलटा वागतो. डावा दाबला तर यंत्र उजवीकडे जातं. सपाटीवर शिकलेला मुलगा घाटीच्या वाटेवर नेमका इथे फसतो. उतारावर खालच्या गिअरमध्ये, अगदी हळू उतरावं आणि वळणाचे क्लच शक्यतो दाबूच नयेत.

आता आमच्यावर बेतलेला प्रसंग. विकत घेण्याआधी अनुभव घ्यावा म्हणून आम्ही शेजारच्या वाडीतला मिनी ट्रॅक्टर दिवसभराच्या भाड्याने आणला. वाळून पडलेल्या सुरूचं एक खोड गडग्यामागे अडकलं होतं. चुलतभावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा चालवत होता. साखळी खाली हुकाला बांधली की खोडाचं टोक जमिनीत घुसायचं, म्हणून आम्हीच शहाणपण करून ती वर, लिफ्टच्या वरच्या दांड्याच्या जागी अडकवली. खोड दगडाला टेकलं, त्याने क्लच सोडला आणि पुढची दोन्ही चाकं हातभर वर उठली. पोराने क्लच दाबला म्हणून चाकं परत जमिनीवर आली. अम्मी पडवीतून बघत होती. तिने आरडाओरडा केला नाही. खाली आली, पोराचा हात धरून त्याला उतरवलं आणि म्हणाली, "आज लाकडं नकोत."

संध्याकाळी आम्ही एका जुन्या चालकाला विचारलं तेव्हा कारण कळलं. ओझं हललं नाही की मागची चाकं फिरू शकत नाहीत, पण इंजिनाचा जोर तर चालूच असतो. तो जोर मग अख्खा ट्रॅक्टरच मागच्या आसाभोवती फिरवतो. साखळी जितकी उंच बांधली तितकं उलटणं सोपं. पुढची चाकं उठल्यापासून ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर यायला दोन सेकंदही पुरतात. म्हणून ओंडका ओढायचा तो फक्त आसाच्या खाली असलेल्या ड्रॉबारला बांधून. ओंडक्याचं टोक घुसत असेल तर टोक कुऱ्हाडीने गोल करावं किंवा खाली दोन रूळ लाकडं सारावीत. साखळी ताणून घेईपर्यंत क्लच बोटभर बोटभर सोडावा. आणि मडगार्डवर पोरं बसवू नयेत. गावात ट्रॅक्टर आला की मुलांची पहिली मागणी तीच असते, आणि नाही म्हटलं की मोठी माणसंच रागावतात. रागावू द्यावं.

दुसरी भीती पीटीओची. ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा हा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्यावर चालणारी लाकूड फोडायची यंत्रं मिळतात. एक हायड्रॉलिक, जे ओंडका पात्यावर हळूहळू दाबतं. दुसरं म्हणजे गाजरासारखा टोकदार, आटे असलेला लोखंडी पेच, जो फिरत ओंडक्यात घुसतो. या दुसऱ्याचे व्हिडिओ मोबाईलवर फार छान दिसतात. आमचं स्पष्ट मत आहे की तो पेच घरात आणू नये. आपल्या बायकांच्या अंगावर ओढणी असते, पुरुषांच्या कमरेला लुंगी. कापडाचं टोक फिरत्या दांड्यात गेलं तर हात मागे घ्यायची सवड मिळत नाही. पीटीओवरचं प्लास्टिकचं आवरण तुटलं असेल तर ते बदलल्याशिवाय यंत्र चालू करू देऊ नका, भाड्याचं असलं तरी. चालू दांड्यावरून पाय टाकून पलीकडे जाणारे लोक आम्ही पाहिले आहेत. चालक ओळखीचा असला तरी आपण बोलावं.

चेनसॉ आमच्या गावात खऱ्या अर्थाने आला तो २०२० मध्ये. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि दापोली-मंडणगडापर्यंत बागा आडव्या करून गेलं. रस्त्यांवर आंबे, फणस, सुरू पडलेले, वीज गेलेली. रस्ते मोकळे करायला आलेल्या जवानांच्या हातात गावाने ही करवत पाहिली आणि पुढच्या वर्षी दर चार घरांमागे एक झाली. पण ते जवान हेल्मेट, बूट घालून काम करत होते. आमच्याकडे लोक ती चपला घालून, आंब्यावर चढून, एका हाताने चालवतात.

घरच्या कामाला ४५-५० सीसीची, सोळा-अठरा इंची पट्टीची करवत पुष्कळ झाली. मोठी घेतली तर हात लवकर थकतात, आणि थकलेला हात चुकतो. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत उसळून थेट तोंडाकडे येते. त्यासाठी पुढे साखळीचा ब्रेक असतो. तो चालतो की नाही हे रोज सुरू करताना पाहावं. करवत खांद्याच्या वर कधी नेऊ नये. तेल-पेट्रोलचं प्रमाण पुस्तिकेत असेल तेच ठेवावं, आणि गोल कानशीने साखळीला वेळच्या वेळी धार लावावी. भुसा पिठासारखा बारीक पडू लागला की धार गेली म्हणून समजा; चांगल्या धारेचे तुकडे जाडसर पडतात. हल्ली लाकूडतोडीचा मोसम आणि रमजान एकत्र येतात. रोज्यात पाणी नसतं, दुपारी डोकं जड होतं. आम्ही फजरनंतर सुरू करून नऊ-दहाला करवत ठेवून देतो. उरलेलं काम ईदनंतर.

झाड आपल्या सातबाऱ्यावर आहे म्हणून तोडता येतंच असं नाही, हेही सांगून ठेवतो. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, चिंच अशी आपल्या परसातलीच झाडं आहेत. तोडण्याआधी वनखात्यात जाऊन विचारावं. आम्ही सरपणाला सुरू, ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि छाटणीच्या फांद्या यांवर भागवतो. सुरूची आच बावर्चीला सगळ्यात आवडते. काजूचं लाकूड ओलं असताना धूर फार करतं.

यंत्रांविषयी इतकं लिहिलं, पण खरा फरक पडला तो कुऱ्हाडीने. आमच्याकडे होती ती पातळ पात्याची, फांद्या तोडायची. ती ओंडक्यात रुतून बसायची आणि काढताना कंबर जायची. फोडायला पातं मागे जाड होत जाणारं, पाचरेसारखं लागतं. आम्ही लोहाराकडून ट्रकच्या कमानपाट्याची तशी घडवून घेतली, सोबत दोन लोखंडी पाचरी आणि एक घण. दांडा बसवताना अब्बांनी आठवण काढली ती मदत मागायला आलेल्या त्या अन्सारी सहाबींची, ज्यांच्या कुऱ्हाडीला हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी स्वतःच्या हाताने दांडा बसवून दिला होता. लहानपणी मदरशात ऐकलेली ही गोष्ट, पण दांडा सैल असला की पातं उडून जीव घेतं हे त्या दिवशी समोर दिसत होतं, म्हणून ती वेगळीच वाटली.

फोडायची रीत अशी: ओंडक्याला सुकताना टोकाशी जी भेग पडते, तिच्या रेघेतच घाव घालावा. जाड ओंडका मधोमध न फोडता कडेकडेने ढलप्या काढाव्यात. खाली जाड खोड, त्यावर जुना टायर ठेवून ओंडका टायरच्या आत उभा करावा, म्हणजे फाटी उडत नाहीत आणि दर घावाला वाकून उचलायला लागत नाहीत. या टायरमुळे भाभीही आता अर्धा तास सहज फोडते. सुरू ताजा असतानाच फोडावा, वाळला की दगड होतो. आणि चिंचेच्या नादी लागू नये. बकरी ईदला मटण तोडायचा ठोकळा चिंचेचा असतो तो उगाच नाही. तिचे तंतू एकमेकांत असे गुंतलेले असतात की पाचरही परत येते.

फोडलं म्हणजे झालं नाही. ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं, आणि ते पाणी उडवण्यातच चुलीची आच खर्च होते. जो धूर होतो तो बायकांच्या डोळ्यांत आणि छातीत जातो. वादळानंतरच्या पावसाळ्यात आम्ही ओला आंबा जाळला. अम्मीचा खोकला दिवाळीपर्यंत गेला नाही. पाणी मुख्यतः कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या बाजूंतून निघतं, सालीतून फारच कमी. म्हणून अख्खा ओंडका वर्षभर ठेवूनही आत ओला राहतो आणि फोडलेली फाटी उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत वाळतात. दोन फाटी एकमेकांवर आपटावीत. टणकन वाजली तर सुकी, धप्प वाजली तर अजून ठेवावीत.

आम्ही शेवटी भाईजानना हिशेब लिहून पाठवला. त्यांच्या पैशातून जांभ्याच्या खांबांवर पत्र्याची खोप बांधली, बाजू उघड्या, फक्त नैऋत्येच्या पावसाकडची बाजू बंद. आतली माच जमिनीपासून वीतभर वर, आणि घराच्या भिंतीपासून दहा पावलं दूर. भिंतीलगतच्या लाकडांत विंचू येतात. कोकणातला लाल विंचू जीवघेणा असतो, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला म्हणून किती घरं वाचली. फाटी काढायला मुलांना अंधारात पाठवत नाही आणि हात घालण्याआधी काठीने ढोसतो. उरलेल्या पैशात चेनसॉ, जाळीचं हेल्मेट, बूट आणि दोन जाड पँटी आल्या. ट्रॅक्टर वाडीतली चार घरं मिळून एका दिवसासाठी आणतो, चालकासकट. ओंडके आधी वाटेवर आणून ठेवतो, म्हणजे तो फक्त वाहतो, ओढत नाही.

भाईजान मे महिन्यात सुट्टीवर आले. खोप भरलेली होती. दुसऱ्या दिवशी फजरनंतर टायरमध्ये ओंडका उभा करून त्यांनी पाच-सहा घाव घातले, तळहाताला फोड आला तो अम्मीला दाखवला, आणि विचारलं की पुढच्या वर्षी ट्रॅक्टरच्या दिवशी त्यांच्या वाट्याचं भाडं किती येईल.