एकशे सतरावा मजला आणि लेडीज डबा

२०१० च्या जूनमधली गोष्ट. आमची नेहमीची सकाळची स्लो लोकल. घाटकोपरला मी चढले, तर मुलुंडच्या काकूंच्या मांडीवर नुसता पेपर पसरलेला. निवडायची मेथी आज पिशवीतच. म्हणजे बातमी तशीच मोठी असणार!

लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर ११७ मजल्यांचा टॉवर उभा राहणार होता. उंची ४४२ मीटर, नाव ‘वर्ल्ड वन’. राहत्या घरांची जगातली सगळ्यात उंच इमारत म्हणे.

‘‘अगं, एवढ्या वर पाणी किती वाजता चढणार?’’ पहिला प्रश्न भांडुपच्या नर्सचा. तिच्याकडे चौथ्या मजल्यावर चढत नव्हतं. मग काय, डबा सुटलाच. लिफ्ट बंद पडली तर सिलिंडर कोण वर नेणार? गोधड्या कुठे वाळत घालायच्या? पापड घातले तर वाऱ्यावर थेट वरळीला! बँकेतली नवी मुलगी मात्र खूश होती. त्याच जानेवारीत दुबईत बुर्ज खलिफा सुरू झाला होता. ‘‘आपल्याकडेही होऊ दे की काहीतरी भारी. सारखं काय रडायचं?’’ तिचंही अगदीच चूक नव्हतं.

विक्रोळीच्या मावशी करी रोडला उतरून चार घरी पोळ्या करायच्या. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘आमाला कुठल्या लिफ्टनं सोडतील?’’ त्यावर कोणी हसलं नाही.

मी म्हटलं, ‘‘पण विमानांचं काय?’’ घाटकोपरच्या माणसाला दुसरं काय सुचणार! भटवाडीच्या डोंगरावर आमच्या डोक्यावरून विमानं उतरतात. फोनवर बोलता बोलता थांबायचं, विमान गेलं की वाक्य पुरं करायचं, ही आमची सवय. ‘‘एवढे मोठे बिल्डर, त्यांनी विचार केला नसेल होय?’’ काकूंनी मला गप्प केलं.

हसले मीही, पण करी रोड आल्यावर पाय जरा जड झाला. कारण माझं ऑफिसही एका जुन्या गिरणीच्या आवारातच. एसी, काचा, गळ्यात कार्ड. आणि माझे सासरे त्याच भागातल्या दुसऱ्या एका गिरणीत साच्यावर होते. सासूबाई चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत खाणावळ चालवायच्या. पंधरा माणसं, दोन पाळ्या. गिरणगावात अशा घरोघरी खाणावळी होत्या. त्या बायकांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले. आमच्या खाणावळीतली माणसं उधारी ठेवून कोकणात गेली, ती परत आलीच नाहीत. संपाच्या बातम्यांत सासऱ्यांसारखे लोक आले, पण विझलेल्या चुली कोणी मोजल्या? खोली विकून सासूबाई भटवाडीला आल्या.

पुढचा हिशोब कागदावरचा आहे, पण बायकांनी तो समजून घ्यायला हवा. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकासाला काढली, तर तिचा एक तृतीयांश भाग शहराला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली. वाटणी फक्त ज्या जमिनीवर बांधकाम नाही तिच्यापुरतीच राहिली. आता सांगा, गिरणीच्या आवारात रिकामी जमीन असून असून किती असणार? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ही दुरुस्ती उचलून धरली.

बातमी सांगितली तेव्हा सासूबाई वाटाणे सोलत होत्या. ‘‘एकशेसतरा मजले? मग येवढ्यांचं जेवण कोण करतं?’’ मी म्हटलं, विक्रोळीच्या मावशींसारख्या बायका. ‘‘त्या राहतात कुठं?’’ विक्रोळीला, आई. त्यांनी मान हलवली आणि वाटाणे पुढे ओढले.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी आम्हीही अर्ज भरला. १ जानेवारी १९८२ ला नोकरीत असल्याचा पुरावा हवा होता. सासऱ्यांचं पिवळं पडलेलं तिकीट सासूबाईंनी लुगड्याच्या घडीत जपलं होतं, ते सापडलं. जून २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली. घर २२५ चौरस फुटांचं, अर्जदार दीड लाखाच्या आसपास. आमचा नंबर लागला नाही. अजूनही लागलेला नाही.

टॉवर मात्र उभा राहिला. पण ११७ मजले काही झाले नाहीत. विमानतळ प्राधिकरणाची तेवढ्या उंचीला परवानगी मिळाली नाही आणि ‘वर्ल्ड वन’ ७६ मजल्यांवर, २८० मीटरवर थांबला. ते वाचलं तेव्हा मला काकूंना फोन करावासा वाटला होता. पण पुढे २०१८ च्या २८ जूनला घाटकोपरमध्येच एक छोटं विमान कोसळलं. पाच जीव गेले, त्यातला एक तर रस्त्यानं चाललेला माणूस. तेव्हापासून विमानाचा विनोद मी करत नाही.

मध्यंतरी लालबागला एका लग्नाला सासूबाईंना घेऊन गेले. ऐंशी उलटलीय, पण टॅक्सी नको म्हणाल्या. करी रोडच्या पुलावर दम खायला थांबल्या आणि वर बघायला लागल्या.

‘‘ह्योच का तो? किती मजले झाले?’’

‘‘शहात्तर.’’

‘‘तू तर एकशेसतरा म्हणालीवतीस.’’

‘‘विमानांमुळे कमी करावे लागले, आई.’’

‘‘आपल्या घरावरनं जातात ती?’’

‘‘तीच.’’

सासूबाई तोंडाला पदर लावून बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, ‘‘चल, जेवणाची पंगत उठेल.’’