खर्चाचा बचाव आणि खर्चाचा हिशेब

टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या गर्द झाडीत रोज सकाळी फिरावयास जाणाऱ्या बेळगावकरांपैकी किती जणांच्या मनात त्या नावाचा अर्थ उमटत असेल, कोण जाणे! देवीच्या साथीने घरेच्या घरे ओस पडत, त्या काळात या ठिकाणी देवीची लस तयार होत असे. ‘देवी डॉक्टर’ गावात आला की आयाबाया मुलांना दाराआड लपवीत. परंतु लशीची किंमत किती, हा प्रश्न कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. लस ही सरकारने द्यावयाची आणि रयतेने टोचून घ्यावयाची, एवढे उभय पक्षी ठरलेलेच होते. त्याच वाटेने एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला आणि मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्त. खर्च खजिन्याचा आणि लाभ सर्वांचा, अशी ही जुनी रीत.

ही रीत प्रथमच मोडली ती मे २०२१ मध्ये. कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. अशा वेळी आमचा एक माजी विद्यार्थी मोबाइल घेऊन आमच्या दारी आला. वडगावात मागावर काम करणारा हा तरुण. टाळेबंदीमुळे माग बंद पडलेले. आईला पंचेचाळिशीच्या पुढची म्हणून एप्रिलमध्ये लस मिळाली होती. स्वतः, पत्नी आणि धाकटा भाऊ यांची नोंदणी होत नव्हती. पडद्यावर केंद्राचे नाव दिसे आणि बोट टेकवेपर्यंत जागा संपलेल्या असत. तीन दिवस आम्ही दोघांनी प्रयत्न केला. शेवटी तो म्हणाला, “पस्तीस हजार कोटी लशीला ठेवल्यात म्हणे की सर. मग आमचा नंबर का लागंना?”

मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यात आमचे आयुष्य गेले. त्या दिवशी मात्र आम्ही निरुत्तर झालो. म्हणून पुढे सवडीने कागदपेन्सिल घेऊन बसलो. त्यातून जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवतो.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी सादर झालेल्या अर्थसंकल्पात कोरोनाच्या लशीसाठी ३५,००० कोटी रुपयांची तरतूद होती, हे खरेच. केंद्र सरकार त्या वेळी प्रत्येक मात्रेस १५० रुपये देत होते. पाच टक्के कर धरून १५७ रुपये ५० पैसे. देशातील प्रौढांची संख्या सरकारने नंतर ९३ ते ९४ कोटी सांगितली. प्रत्येकी दोन म्हणजे १८८ कोटी मात्रा. आता गुणाकार करावा: १८८ कोटी मात्रांची किंमत होते २९,६१० कोटी रुपये. वाहतूक, साठवण व इतर खर्च वेगळा. तथापि लशीच्या किमतीपुरते पाहिले, तर त्या दराने सर्व प्रौढांना पुरेल एवढी रक्कम मंजूर झालेली होती.

असे असता १ मे २०२१ पासून नवे धोरण आले. उत्पादनाचा निम्मा भाग केंद्राने घ्यावा आणि उरलेला निम्मा राज्यांनी व खासगी रुग्णालयांनी वेगळ्या दराने विकत घ्यावा, असे ठरले. पुण्याच्या कोविशिल्डचा राज्यांसाठीचा दर ४०० वरून ३०० रुपयांवर आला, हैदराबादच्या कोव्हॅक्सिनचा ६०० वरून ४०० वर. एकच कुपी, एकच कारखाना आणि दर तीन! काही राज्ये जगाच्या बाजारात निविदा घेऊन फिरली. आम्ही फक्त देशाच्या सरकारशीच व्यवहार करतो, असे विदेशी कंपन्यांनी पंजाब व दिल्लीला कळवले. जूनमध्ये केंद्राने खासगी रुग्णालयांसाठी कमाल दर ठरवून दिले, तेव्हा कोविशिल्डची एक मात्रा ७८० रुपयांना पडू लागली. आमच्या विद्यार्थ्याच्या घरातील तिघांच्या सहा मात्रांचे ४,६८० रुपये होत. बंद मागावर ते कोठून विणून काढावेत?

आम्ही सरकारी शाळेतले मुख्याध्यापक. माध्यान्ह आहाराच्या तांदळाचे एक पोते कमी भरले, तरी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यापुढे आम्हांस उभे राहावे लागते. अशा वेळी दोन प्रकारे बोलता येते. ‘आम्ही प्रामाणिक आहोत, आमच्यावर विश्वास ठेवा’, हा एक प्रकार. याला बचाव म्हणतात. ‘हे आवकेचे पान, हे वाटपाचे पान, हे पोते फाटून सांडले त्या दिवसाची नोंद’, हा दुसरा. याला हिशेब म्हणतात. बचावात बोलणाऱ्याची प्रतिष्ठा पणाला लागते. हिशेबात ऐकणाऱ्याचा अधिकार मान्य केलेला असतो. सरकारने त्या मे महिन्यात दोन्ही भाषा वापरल्या, आणि एका आठवड्याच्या आत वापरल्या, हे विशेष.

केंद्राने नव्या मात्रांची मागणीच नोंदवलेली नाही, असे वृत्त आले असता ३ मे रोजी आरोग्य मंत्रालयाने त्याचे खंडन केले. मे, जून व जुलै या तीन महिन्यांसाठी कोविशिल्डच्या ११ कोटी मात्रांपोटी १,७३२ कोटी ५० लाख आणि कोव्हॅक्सिनच्या ५ कोटी मात्रांपोटी ७८७ कोटी ५० लाख रुपये २८ एप्रिल रोजीच आगाऊ दिले आहेत, असे त्यात सांगितले. आम्ही भागाकार करून पाहिला. दोन्हीकडे उत्तर बरोबर १५७ रुपये ५० पैसे आले. हा हिशेब झाला. कोणाही नागरिकाने घरी बसून पडताळावा असा. अर्थात त्याच आकड्यांवरून दुसरा प्रश्नही निघतो: गरज १८८ कोटींची असता तीन महिन्यांची मागणी १६ कोटींचीच का? कारखान्यांची शक्ती तेवढीच होती, हे त्याचे एक उत्तर आहे आणि ते खोटे नाही. नुसत्या पैशाने लस तयार होत नाही. परंतु कारखान्यांना शक्ती वाढवावयास लावण्यासाठी मोठी मागणी आधी नोंदवावी लागते, हेही तितकेच खरे. खरा आकडा हाती आला की प्रश्न असा नेमका होतो.

९ मे रोजी सर्वोच्च न्यायालयात केंद्राने जे प्रतिज्ञापत्र दाखल केले, त्याचा सूर मात्र निराळा होता. अशा अभूतपूर्व संकटात शासनाच्या निर्णयशक्तीवर विश्वास ठेवावा, न्यायालयाच्या हस्तक्षेपाला फारसा वाव नाही आणि राज्ये मोफतच देणार असल्याने दरातील फरकाची झळ लस घेणाऱ्याला बसणार नाही, असा त्याचा आशय. जणू राज्यांचा खजिना कोणा दुसऱ्या देशातील रयतेच्या करातून भरतो! दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्रालयाने आणखी एक खुलासा केला. ते ३५,००० कोटी ‘राज्यांना हस्तांतरण’ या शीर्षाखाली दाखवले असले, तरी केंद्राला ते खर्च करण्यास अडचण नाही. उलट त्या शीर्षामुळे तिमाही खर्चाचे निर्बंध आड येत नाहीत, असे त्याने सांगितले. खुलासा तांत्रिकदृष्ट्या योग्य होता. आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न मात्र त्यामुळे अधिकच टोकदार झाला.

तो प्रश्न अखेर विचारला गेला. न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने ३१ मे रोजीच्या आदेशात १८ ते ४४ वयाच्या लोकांना पैसे भरावयास लावणारे धोरण प्रथमदर्शनी मनमानी व तर्कविसंगत ठरवले. ३५,००० कोटींपैकी आजवर किती व कसे खर्च झाले, ते या वयोगटासाठी का वापरता येऊ नयेत, कोणत्या तारखेस किती मात्रांची मागणी नोंदवली, अशी विचारणा केली. केवढी साधी विचारणा! आमच्याकडे येणारा तपासणी अधिकारी तांदळाबद्दल हेच विचारतो.

७ जून रोजी पंतप्रधानांनी धोरणबदल जाहीर केला. २१ जूनपासून पंचाहत्तर टक्के लस केंद्र विकत घेऊन राज्यांना मोफत देऊ लागले. न्यायालयाच्या धाकाने हे झाले की राज्यांच्या विनवणीने, यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. आमच्यापुरते, प्रश्न विचारला गेला आणि रीत पूर्वपदावर आली, एवढे पुरे. त्याच महिन्याच्या अखेरच्या प्रतिज्ञापत्रात ऑगस्ट ते डिसेंबर या काळात १३५ कोटी मात्रा मिळतील, असे सांगितले गेले. मे महिन्यात हाच आकडा २१६ कोटी सांगितला होता. आकडा खाली आला, पण भरवसा वर गेला.

यशाचे मोजमापही प्रामाणिकपणे केले पाहिजे. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशाने १०० कोटी मात्रांचा टप्पा गाठला, वर्षअखेर सुमारे १४५ कोटी झाल्या आणि १७ जुलै २०२२ रोजी २०० कोटी. जुलै २०२१ पासूनच्या नव्या मागणीत केंद्राचा दर वाढून कोविशिल्डला २०५ व कोव्हॅक्सिनला २१५ रुपये झाला, तरी तो राज्यांना आधी सांगितलेल्या दरापेक्षा बराच कमी होता. एका मोठ्या गिऱ्हाइकाला माल स्वस्त मिळतो, हे आमच्या रविवार पेठेतील कोणताही व्यापारी सांगेल. सुधारित अंदाजात लशीचा खर्च ३९,००० कोटींवर गेला. त्याबद्दल कोणी कुरकुर केली नाही. रयत खर्चाला नाराज नसते, अंधाराला नाराज असते.

तो अंधार अजून एका कोपऱ्यात राहिला आहे. मोहिमेच्या आरंभीच्या ६ कोटी ६० लाख मात्रांचे १,३९२ कोटी ८२ लाख रुपये पीएम केअर्स निधीतून दिले गेले. पैसे सत्कारणी लागले, यात संशय नाही. परंतु हा सरकारी निधी नव्हे, अशी भूमिका २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात घेण्यात आली, आणि त्याची तपासणी महालेखापालांकडे न जाता नेमलेले सनदी लेखापाल करतात. ज्या निधीला देशाच्या सर्वोच्च कार्यकारी पदाचे नाव आहे, त्याची वही देशाच्या तपासनिसाला उघडून दाखवण्यात कमीपणा कसला? वही स्वच्छ असेल, तर उघडल्याने ती अधिकच उजळेल.

जानेवारी २०२२ मध्ये पंधरा ते अठरा वयाच्या मुलांचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा आमच्या शाळेचा एक वर्ग लसीकरण केंद्र बनला. परिचारिका दर कुपी उघडताना वेळ लिहीत, किती मुलांना दिली ते लिहीत, उरलेली वाया गेली तर तेही लिहीत. संध्याकाळी त्या नोंदीखाली आम्ही सही केली. तो मागावरचा तरुण त्या दिवशी धाकट्या बहिणीला घेऊन आला होता. त्याच्या घरच्या तिघांना जुलैमध्येच मोफत लस मिळाली होती. बहिणीची टोचणी होईतो तो टेबलाजवळ उभा राहून ती वही पाहत होता. “प्रत्येक थेंबाचं लिहून ठेवताय की सर,” तो म्हणाला.

आम्ही म्हणालो, “बाबा रे, औषध सरकारचं, पण पैसा तुझा आहे. लिहायलाच हवं.”