आफ्रिकेच्या तंबूत राहायला जाताना

सोलापूरजवळ नान्नजचा माळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना गवताळ रान नवे नाही. पूर्व आफ्रिकेतील केनिया देशात मसाई मारा हे असेच अफाट गवताळ रान आहे. मधूनमधून बाभळीच्या जातीची झाडे आणि मोकळे फिरणारे सिंह, हत्ती, जिराफ. हल्ली मराठी पर्यटकही तेथे जातात व रानातल्या तंबूत मुक्काम करतात. मैंदर्गी-दुधनीकडचे एखादे कुटुंब निघाले, तर घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘सिंह तंबूत आला तर?’

रात्री तंबूची चेन पक्की लावून आत राहिले आणि रखवालदाराशिवाय बाहेर पाऊल टाकले नाही, तर ही भीती फारशी उरत नाही. खरी भीती डासाची आहे. हिवताप डासामुळे पसरतो, याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली आपल्या शेजारच्या सिकंदराबादेतच सापडला. आफ्रिकेत आढळणारा हिवताप मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदूपर्यंत पोहोचून जीव घेऊ शकणारा असतो. क्लोरोक्विन ही जुनी गोळी तेथे उपयोगी पडत नाही. म्हणून प्रवास ठरताच डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळ्या सुरू कराव्यात. डॉक्सिसायक्लिन रोज, तर मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा घ्यावी लागते. या दोन्ही गोळ्या परत आल्यावर आणखी ४ आठवडे चालू ठेवावयाच्या असतात. घरी पोहोचलो, आता कशाला, असे म्हणून त्या मध्येच सोडू नयेत. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांच्यासाठी गोळी वेगळी असते. शक्यतो गरोदरपणी असा प्रवास टाळावा.

हिवतापाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. त्या वेळी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, उघड्या अंगाला डास पळवणारे मलम लावावे आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावे. त्से-त्से माशी मात्र दिवसा चावते. तिच्यापासून निद्रारोग होतो. गडद निळ्या व काळ्या रंगाकडे ती ओढली जाते, म्हणून तेथे खाकी किंवा मातकट रंगाचे कपडे बरे. सकाळी बूट झटकून घालण्याची आपली शेतावरची सवय तेथेही सोडू नये.

दुसरी महत्त्वाची गोष्ट पीतज्वराच्या लशीची. ही लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. पुण्या-मुंबईत अशी केंद्रे आहेत. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होते, म्हणून आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही. २०१६ पासून हे प्रमाणपत्र जन्मभर चालते. केनियातून परतताना ते जवळ नसेल, तर भारतात उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते. साठीपुढील व्यक्ती, अंड्याची तीव्र ॲलर्जी असणारे आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांनी लस घेण्यापूर्वी डॉक्टरांना तसे जरूर सांगावे.

रानातल्या तंबूपासून दवाखाना कोसो दूर असतो. १९५७ पासून पूर्व आफ्रिकेत ‘फ्लाइंग डॉक्टर्स’ ही विमानाने रुग्णाला शहरात नेण्याची सेवा आहे. आपल्या विम्यात असा खर्च धरला आहे का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. रक्तदाब, मधुमेह यांची औषधे लागतात त्याच्या दुप्पट घ्यावीत आणि हातातल्या पिशवीत ठेवावीत. क्षारसंजीवनीची पाकिटे बरोबर असू द्यावीत. पाणी उकळलेले किंवा सीलबंद बाटलीतलेच प्यावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. हिवतापाची लक्षणे डास चावल्यानंतर साधारणतः एक ते दोन आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही दिसतात. म्हणजे ताप चढतो तो घरी आल्यावर! मसाई मारातला मोठ्या कळपांचा हंगाम जुलै ते ऑक्टोबरचा. परत यावे तो आपल्याकडे पावसाळी तापाचे दिवस, आणि गावातल्या डॉक्टरांना आपण कोठे जाऊन आलो हे कसे कळणार? तेव्हा परतल्यानंतर वर्षभरात थंडी वाजून ताप आला, तर पहिले वाक्य हेच सांगा, ‘डॉक्टरसाहेब, मी आफ्रिकेत जाऊन आलो आहे.’ त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. पहिल्या तपासणीत काही निघाले नाही आणि ताप उतरला नाही, तर १२ ते २४ तासांनी पुन्हा तपासा. गोळ्या नियमित घेतल्या असल्या तरीही तपासा. फाल्सिपेरमचा हिवताप वेळेत ओळखला, तर औषधाने पूर्ण बरा होतो. अंगावर काढला, तर दोन-चार दिवसांत जिवावर बेततो.