तुम्ही काम काय करता?

मैत्रिणींनो, दवाखान्यात गेलं की डॉक्टर आपल्याला काय काय विचारतात, आठवून बघा बरं. कधीपासून दुखतंय, जेवण जातं का, झोप लागते का, पाळी वेळेवर येते का... पण ‘तुम्ही काम काय करता?’ हा प्रश्न तुमच्यापैकी किती जणींना कुणी विचारलाय? आणि विचारलाच, तर आपलं उत्तर ठरलेलं, ‘काही नाही, घरीच असते!’

हा प्रश्न प्रत्येक रोग्याला विचारलाच पाहिजे, असं इटलीतल्या बर्नार्दिनो रामात्सिनी नावाच्या डॉक्टरांनी तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. त्यांच्या घरचा शौचकूप उपसायला आलेला माणूस घाईघाईनं काम उरकत होता. ‘एवढी घाई कशाला?’ असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘जास्त वेळ थांबलं तर डोळे जातात.’ मग डॉक्टरांनी अशा कामगारांचे डोळे तपासायला सुरुवात केली. पुढे कुंभार, धोबिणी, सुइणी, खाणकामगार अशा कितीतरी लोकांकडे ते गेले आणि 1700 साली कामातून होणाऱ्या आजारांवर त्यांनी पुस्तक लिहिलं. कुठल्या कामानं काय दुखतं, हे त्यांनी काम करणाऱ्यांनाच विचारलं.

आपल्या आसपास नजर टाकली तरी हे पटतं. जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांच्या फुफ्फुसात कापसाची बारीक धूळ जाते. त्या आजाराची खूण अशी, की सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती भरून येते. वेल्डिंग करणाऱ्या पोराचे डोळे रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. आणि आपली चूल? वर्षानुवर्षं धूर खाल्लेल्या बाईला होणारा दमा तिनं कधी बिडीला हातही न लावता होतो!

पण आमच्या बीड जिल्ह्यात कामाचा आजार बघायचा असेल, तर ऊसतोडणीच्या फडावर जावं लागेल.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर या भागांतली गावं रिकामी होतात. म्हातारीकोतारी मागं राहतात आणि बाकीचे ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून कोल्हापूर, सांगली, सोलापूर, कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं ‘एक कोयता’ म्हणतात. म्हणजे माणसं दोन, पण मोजायला हत्यार एक! मुकादमाकडून घेतलेली उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर असते. बाईचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. फेडायला मात्र तिची कंबर लागते.

तिचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. कोपीत भाकऱ्या थापायच्या, पाणी भरायचं, लेकरू काखेला मारून फडावर जायचं. नवरा ऊस तोडतो, ही पाचट काढते, मोळ्या बांधते. मग वीस-तीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढायचं. अशा किती खेपा, ते ती मोजत नाही. गाडी रात्री आली तर रात्रीच भरायची. फडावर संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही, म्हणून बाया पाणीच कमी पितात आणि लघवी दाबून धरतात. पाळीच्या दिवसांत कपडा धुवायला पाणी नाही आणि वाळवायला जागा नाही. बाळंतपणानंतर विसावा म्हणाल तर जेमतेम. आणि एक दिवस घरी राहिलं, की त्याला ‘खाडा’ म्हणतात. मजुरी तर बुडतेच, वर दंडही कापून घेतात.

आता सांगा, या बाईला काय होणार? लघवीची जळजळ, अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं, कंबर मोडणं, ओझ्यानं अंग बाहेर येणं. यातल्या एकेका दुखण्याचं मूळ तिच्या दिवसभराच्या कामात सापडतं. पण दवाखान्यात ती सांगते फक्त ‘पोटात दुखतंय’. काम काय करतेस, हे कुणी विचारत नाही. मग पुष्कळदा सोनोग्राफी होते, कॅन्सरची भीती घातली जाते आणि सल्ला मिळतो, ‘पिशवी काढून टाका.’ तिलाही ते सोपं वाटतं. पाळीची कटकट गेली, खाडा वाचला!

2019 साली हे देशभर गाजलं. तेव्हा विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती! म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. देशातल्या 15 ते 49 वर्षांच्या बायकांमध्ये हेच प्रमाण 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरात तीनच्या आसपास होतं.

त्या वर्षी बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. चांगलंच झालं. पण परवानगीचा कागद शस्त्रक्रिया अडवू शकतो, ओझं हलकं करू शकत नाही.

धारूरकडच्या एका वस्तीवर बचत गटाच्या बैठकीत पस्तिशीची एक बाई मला म्हणाली, “ताई, डॉक्टर म्हनले व्हते, वजन उचलू नको. पन उचल कोन फेडनार? महिना भरायच्या आत मोळी डोक्यावर घेतली.” मी विचारलं, “मग आता बरं वाटतंय का?” ती हसली. “पिशवी गेली, पन कंबर हाय तशीच दुखतीय.”

तिच्या या वाक्यात सगळं आलं. दुखणं कामाचं होतं. काढली पिशवी. काम तसंच राहिलं. गर्भाशयाबरोबर बीजांडंही काढली, तर हार्मोन्स एकदम बंद होतात, हाडं लवकर ठिसूळ होतात, अंगातून वाफा येतात, चिडचिड होते. म्हणजे तिशी-पस्तिशीतच म्हातारपण, आणि डोक्यावर पुन्हा तीच मोळी!

कायद्याला कामाचे आजार ठाऊक नाहीत असं नाही. 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यावसायिक आजारांची यादीच होती आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. साखर कारखान्यातल्या उसाच्या चिपाडाच्या धुळीनं फुफ्फुसाला होणारा आजार त्या यादीत आहे. कापसाच्या धुळीचा आहे. पण तोच ऊस तोडून, डोक्यावर वाहून बाईच्या कंबरेला आणि ओटीपोटाला जे होतं, ते त्या यादीत नाही. कारखान्याच्या आतला आजार लिहिला गेला, फडावरचा राहून गेला.

फडावरचं काम बदलता येत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा, एल साल्वाडोर या देशांत ऊसतोड करणाऱ्या तरुण माणसांच्या किडन्या निकामी व्हायला लागल्या. त्यांना ना मधुमेह होता, ना रक्तदाब. कडक उन्हातलं अतिश्रम आणि शरीरातलं पाणी कमी होणं हे त्याचं एक मोठं कारण असल्याचं अभ्यासातून पुढे आलं. निकाराग्वातल्या एका कारखान्यानं फडावर सावलीचे तंबू, प्यायला पाणी आणि कामात ठरलेली विश्रांती सुरू केली, तेव्हा किडन्यांची इजा कमी झाली. सावली, पाणी, विश्रांती! यात महागाचं काय आहे?

आपल्याकडे ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ झालं. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या मजुरीत 34 टक्के वाढ ठरली. पण फडावर फिरता संडास, प्यायचं पाणी, हलकी मोळी आणि आजारपणात दंड न लागणारी रजा मिळाली, तर कित्येक शस्त्रक्रियांची गरजच पडणार नाही.

तोवर आपण एवढं करू या. दवाखान्यात गेल्यावर कुणी विचारो न विचारो, आपण काय काम करतो, किती ओझं उचलतो, किती तास वाकतो, हे स्वतःहून सांगायचं. केसपेपरवर ते लिहून घ्यायला लावायचं. कुणी पिशवी काढायला सांगितली, तर घाई करायची नाही. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात आणखी एका डॉक्टरांना दाखवायचं. शेजारची कुणी ऊसतोडीला जाणारी असेल, तर दवाखान्यात तिच्यासोबत जायचं, कारण एकटीचं तोंड तिथं उघडत नाही.

आणि आपल्या घरात पोळ्या लाटणाऱ्या, धुणंभांडी करणाऱ्या मावशींना हात दुखतो म्हणून सुट्टी हवी असेल, तेव्हा तो बहाणा आहे असं म्हणण्याआधी, त्या दिवसभरात किती घरची कामं करतात, तेवढं एकदा विचारा.