जरा हात लाव!

दिवाळीच्या आगेमागे पोलादपूरहून महाडकडे निघालं की सावित्रीच्या खोऱ्यातली खाचरं कापणीत गुंतलेली दिसतात. कापलेलं भात वाळलं की भारे बांधून खळ्यावर न्यायचे. भारा बांधून झाला की गडी कितीही दणकट असो, तो एकट्यानं डोक्यावर घेत नाही. बांधावरच्या कुणाला तरी हाक जाते, "जरा हात लाव!" दोघं समोरासमोर उभे राहतात, गुडघ्यात वाकून भारा उचलतात, आणि तो पुरेसा वर आला की एकजण झटकन त्याच्याखाली शिरतो. मान सरळ, पाठ ताठ, पावलं जराशी फाकलेली. एवढं वजन घेऊन ओल्या बांधावरून चालणारा माणूस खांद्यानं नव्हे, सगळ्या सांगाड्यानं ओझं पेलत असतो.

विहिरीवरच्या बायकांकडे बघा. भरलेली कळशी जमिनीवरून थेट डोक्यावर जात नाही. आधी वाकवलेल्या मांडीवर, तिथून छातीशी, मग मांडीच्या हलक्या उसळीवर चुंबळीपर्यंत. भारोत्तोलनात वजन आधी खांद्यापर्यंत आणून, क्षणभर थांबून, पायांच्या झटक्यानं डोक्यावर नेतात. त्याला क्लीन अँड जर्क म्हणतात. आपल्या आजीला हे नाव माहीत नव्हतं, एवढाच फरक.

आता संध्याकाळी महाडातल्या कुठल्याही जिममध्ये डोकवा. एमआयडीसीतली पहिली पाळी सुटलेली असते. गाणी मोठ्यानं लागलेली, आरशासमोर एक पोरगा उभा. रॉडला दोन्हीकडे प्लेटा, आणि तो वर ढकलताना पोरगा कमरेतून मागे इतका कलतो, की छातीचा व्यायाम चाललाय की खांद्याचा ते कळू नये. चेहरा लाल, गुडघे थरथरत. शेजारी तिघं मोबाइल बघत बसलेले. "सपोर्ट दे रे" म्हणायला त्याला कमीपणा वाटतो. भाताचा भारा उचलताना त्याचा बाप हाक मारायला लाजला नसता.

हे मी वरच्या पायरीवरून सांगत नाही. चाळिशी उलटल्यावर मी जिमला लागलो आणि वर्षभरातच उजवा खांदा धरला. रॉड मानेच्या मागे उतरवून वर ढकलायचा प्रकार मला शिकवला गेला होता, "खांदे गोल होतात" या एकाच कारणासाठी. पुढचे सहा महिने एसटीच्या फळीवर पिशवी ठेवतानासुद्धा डावा हात वापरावा लागला. कंटाळा आला म्हणून वाचायला लागलो, आणि खांदा नावाच्या या विचित्र सांध्याच्या नादी लागलो.

कमरेचा सांधा म्हणजे उखळ. मांडीच्या हाडाचा गोळा त्यात खोल बसलेला असतो, सहसा निसटत नाही. खांद्याचं तसं नाही. दंडाच्या हाडाचा गोळा एका उथळ बशीला टेकलेला असतो, आणि बशी त्या गोळ्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाला पुरते. म्हणूनच हात चौफेर फिरतो, आणि म्हणूनच खांदा लवकर बिघडतो. गोळा बशीवर धरून ठेवण्याचं काम चार लहान स्नायूंच्या पट्ट्याकडे आहे. त्याला रोटेटर कफ म्हणतात. आरशात दिसतो तो डेल्टॉइड, वरचा गोलसर भाग. सारी मेहनत त्याच्या वाट्याला, आणि खालचे चौघे उपाशी, असं बहुतेक जिममध्ये चालतं.

दुसरी गोष्ट पाठीवरच्या पात्याची. हात पूर्ण वर, म्हणजे 180 अंश जातो, तेव्हा त्यातले साधारण 120 अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि 60 अंश पातं वर फिरल्यामुळे. पातं फिरलं नाही, तर दंडाच्या हाडाचा माथा आणि त्याच्यावरचं हाडाचं छप्पर यांच्यातल्या चिंचोळ्या जागेत रोटेटर कफची दोरी दाबली जाते. दिवसभर कंट्रोल रूममध्ये पडद्यासमोर किंवा दुकानाच्या गल्ल्यावर पाठीला पोक काढून बसणाऱ्याचं पातं असं अडलेलं असतं. तो संध्याकाळी थेट चाळीस किलो डोक्यावर न्यायला जातो, आणि दोष व्यायामाला देतो.

मग वर ढकलायचं कसं? रॉड हातात घ्यायचा तो तळव्याच्या टाचेवर, मनगटाच्या हाडांच्या रेषेत. बोटांकडे सरकला तर मनगट मागे मोडतं. अंगठा रॉडभोवती गुंडाळलेला हवा. बिनअंगठ्याच्या पकडीतून रॉड निसटला तर खाली डोकंच असतं. कोपरं अगदी बाजूला उघडायची नाहीत, जराशी पुढे, शरीराच्या रेषेपासून तीसेक अंश. पातं मुळात त्याच कोनात बसलेलं असतं, त्यामुळे दंडाला मोकळी वाट मिळते. ढुंगण आवळायचं, बरगड्या खाली ओढायच्या. या दोन गोष्टी केल्या की कंबर मागे कलायला जागाच राहत नाही. रॉड सरळ रेषेत वर गेला पाहिजे. वाटेत हनुवटी येते, तर हनुवटीनं मागे सरकायचं, रॉडनं वळसा घ्यायचा नाही. कपाळ ओलांडलं की डोकं पुन्हा पुढे, आणि शेवटी खांदे कानांकडे उचलायचे. 'खांदे खाली दाबून ठेव' ही सूचना इथे उलटी पडते, कारण ती पात्याला फिरू देत नाही.

श्वास रोखून जोर लावला की पोटाचा पट्टा ताठ होतो आणि पाठीला आधार मिळतो. पण त्या क्षणी रक्तदाब बराच चढतो. ज्यांना आधीच दाबाची गोळी चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जड वजनाच्या वाटेला जाऊ नये, आणि हलक्या वजनातही श्वास सोडत ढकलावं.

मागे कलण्याची खोड आपल्याच पोरांची नाही. 1928 पासून ऑलिंपिकच्या भारोत्तोलनात प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क असे तीन प्रकार असत. प्रेसमध्ये पायांची मदत न घेता खांद्यापासून वजन वर न्यायचं. वजनं वाढत गेली तसे खेळाडू कमरेतून इतके मागे झुकू लागले की तो जवळपास उभ्यानं केलेला बेंच प्रेस झाला. किती झुकणं चालेल यावर पंचांचं एकमत होईना, आणि कमरेच्या मणक्यांवरही ताण. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर प्रेस कायमचा काढून टाकला. सोव्हिएत रशियाच्या वासिली अलेक्सेयेवनं त्याच वर्षी 236.5 किलोचा विक्रम केला होता. प्रकारच बंद पडल्यामुळे तो आकडा पुस्तकात तसाच राहिला.

वजनाखाली दुखापत होण्याचं आपल्याकडचं उदाहरण सांगलीच्या संकेत सरगरचं. वडिलांची पानटपरी. 30 जुलै 2022 रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो वजनगटात त्यानं स्नॅचमध्ये 113 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 135 किलो उचलले. दुसऱ्या प्रयत्नात 139 किलो डोक्यावर घेताना उजवं कोपर दुखावलं. तरी तिसऱ्या प्रयत्नाला तो उतरला, पण वजन पेललं नाही. एकूण 248 किलो. मलेशियाच्या खेळाडूचे 249. एका किलोनं सुवर्ण हुकलं, आणि गळ्यात रौप्यपदक पडलं तेव्हा हात झोळीत होता. पदकासाठी दुखऱ्या कोपरानं पुन्हा रॉडखाली जाणं मला समजतं. पण आपल्या जिममध्ये कुणी पदक वाटत नाही. तिथे दुखऱ्या हातानं आणखी एक सेट मारण्याला शौर्य म्हणणं मला पटत नाही.

दुखण्यातही फरक असतो. दुसऱ्या दिवशी दोन्ही दंड सारखे जड वाटणं ही कामाची पावती. एकच खांदा, एकाच जागी, हात बाजूनं वर नेताना साधारण 60 ते 120 अंशांच्या टप्प्यात टोचणं, ही दोरी दाबली जात असल्याची खूण. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, बोटांना मुंग्या येत असतील, किंवा एखाद्या झटक्यानंतर हात वर उचलताच येत नसेल, तर तेल चोळत बसू नका. हाडांच्या डॉक्टरांकडे जा. बोनसेटरकडे नको, हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्या भागात आधी पाय तिकडेच वळतात.

बरं होण्याच्या काळात मला सर्वांत उपयोगी पडली ती जुनी तालीम. करेला आणि मुदगल, ही हातात धरून फिरवायची साधनं. बडोद्याहून निघालेल्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांच्या व्यायाम ज्ञानकोशात आपल्या या देशी साधनांची तपशीलवार माहिती आहे. दोन-तीन किलोचा मुदगल डोक्यामागून फिरवताना पातं आपोआप सुटं होतं, आणि ते चार उपाशी स्नायू कामाला लागतात. इंग्रज अधिकाऱ्यांनी हा प्रकार इथून उचलून युरोपात नेला. 1904 आणि 1932 च्या ऑलिंपिकमध्ये मुदगलासारखी साधनं फिरवण्याची चक्क स्पर्धा होती. आमच्या जिमच्या कोपऱ्यात मात्र मुदगलाची जोडी दाराला टेकण म्हणून वापरतात.

पावसाळ्याचा एक मुद्दा इथल्यांसाठी. जून ते सप्टेंबर महाड-पोलादपुरात भिंतीसुद्धा घामेजतात, रॉडला गंज चढतो, तळवा घसरतो. खडू नसेल तर कोरडा पंचा जवळ ठेवावा, आणि रॉडच्या टोकांना क्लिपा लावल्याशिवाय वजन डोक्यावर नेऊ नये. एका बाजूची प्लेट सरकून पडली की दुसरी बाजू खाली कोसळते, आणि कंबर क्षणात पिळली जाते. खांद्याच्या उंचीला आडवे दांडे लावता येतील अशी चौकट असेल तर ती वापरावी. नसेल तर कुणाला तरी मागे उभं करावं.

वाढवायचं किती, हा शेवटचा आणि सर्वांत जास्त चुकणारा हिशोब. बैठकीत शंभर किलो घेणाऱ्यानं पाच वाढवले तर विसावा हिस्सा वाढला. डोक्यावर तीस किलो नेणाऱ्यानं तेच पाच वाढवले तर सहावा हिस्सा. जिममधली सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची, ती दोन्हीकडे लागते, म्हणजे उडी पाचचीच. खांद्याला ती झेपत नाही, मग कंबर मागे कलते, आणि आपण म्युनिकच्या आधीच्या जमान्यात पोहोचतो. म्हणून आधी तेच वजन पाचाऐवजी आठ वेळा नीट न्यावं, आठवड्यातून दोनदा, मध्ये दोन दिवस सोडून, मगच पुढची प्लेट.

मी एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून अर्ध्या अर्ध्या किलोच्या दोन चकत्या कापून घेतल्या. मधे भोक, कडा घासलेल्या, खर्च चहा-वड्याइतका. रॉडला त्या लावल्या की पोरं हसतात, "काका, बिस्किटं लावली का?" मी काही बोलत नाही. परवा त्या चकत्या जागेवर नव्हत्या. शोधत गेलो तर आरशासमोरचा तोच लाल चेहऱ्याचा पोरगा त्या रॉडला अडकवत होता. मला बघून जरा वरमला, मग म्हणाला, "काका, मागे उभे राहता का? जरा हात लावा."