पाठ झाले, पण वाचता येते का?

गेल्या वर्षावासातली गोष्ट. रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना झाल्यावर लहान मुलांचा कार्यक्रम ठेवला होता. तिसरीतल्या एका मुलाने संविधानाची उद्देशिका एका दमात, न अडखळता म्हणून दाखवली. टाळ्या पडल्या. एका आजीने पदराची गाठ सोडून दहाची नोट बक्षीस दिली. सूत्रसंचालन माझ्याकडे होते. भिंतीवर उद्देशिकेची मोठी फ्रेम आहे. मी त्या मुलाला सहज फ्रेमजवळ नेले आणि म्हणालो, "यात 'बंधुता' कुठं लिहिलंय? बोट ठेव बघू."

त्याने पहिल्या शब्दावर बोट ठेवले आणि सुरुवातीपासून म्हणायला लागला. तोंडातून 'बंधुता' निघाले तेव्हा बोट भलत्याच शब्दावर होते. मी पुन्हा विचारले. तो रडवेला होऊन माझ्याकडे बघत राहिला.

वाचकहो, तो मुलगा माझाच होता.

घरी आल्यावर त्याचे मराठीचे पुस्तक काढले. वर्गात शिकवलेले धडे तो धडाधडा म्हणत होता. न शिकवलेले पान उघडले तर दुसऱ्या शब्दाला अडला. दुसरीच्या प्रगतिपुस्तकात मात्र मराठीला 'अ-२' श्रेणी होती आणि खाली पालक म्हणून माझी सही होती. मंडळी एवढेच म्हणाली, "तुम्ही जगाच्या मीटिंगा करता. पोराचं दप्तर कधी उघडलं का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. शाळेचे नाव इथे सांगत नाही. दोष शाळेचा होताच, पण माझाही कमी नव्हता.

तीन वर्षांत काय यायला हवे?

आपल्याकडे पहिली-दुसरीला कोणी मोजत नाही. "अजून लहान आहे, पुढे येईल," असे आपण म्हणतो. दहावीला मात्र कर्ज काढून क्लास लावतो. खरा पाया पहिल्या तीन वर्षांत पडतो. तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकते. पुढे मात्र परिसर अभ्यास, इतिहास, गणितातली शाब्दिक उदाहरणे, सगळे त्याला वाचूनच शिकावे लागते. ज्याला वाचता येत नाही त्याला चौथीपासून एकच विषय नाही, सगळेच विषय बंद होतात.

केंद्र सरकारने २०२१ साली 'निपुण भारत' अभियान सुरू केले. त्यात तिसरीअखेर मुलाला काय यावे हे ठरवून दिले आहे. पूर्वी न पाहिलेला मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या गतीने, अर्थ समजून वाचता यावा. अंकांचेही तसेच. पहिलीअखेर ९९ पर्यंत, दुसरीअखेर ९९९ पर्यंत आणि तिसरीअखेर ९,९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, साधा गुणाकार यावा. 'पूर्वी न पाहिलेला' हे शब्द महत्त्वाचे. माझा मुलगा नेमका तिथेच अडला होता.

मूल नापास होत नाही म्हणूनही पालक गाफील राहतात. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला, तेव्हा आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचे नाही असे ठरले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्या राज्यातही पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली. पण पहिली ते चौथीत मूल वरच्या वर्गात जातेच. लहान मुलाला नापासाचा शिक्का मारू नये हे योग्यच आहे. पण वर्ग वर गेला म्हणजे वाचन वर गेले, असे समजू नका.

बाबासाहेबांनी तेव्हाच सांगितले

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी याच दुखण्यावर बोट ठेवले होते. प्राथमिक शाळेत जाणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात, असा हिशोब त्यांनी सभागृहापुढे मांडला. शाळेच्या दारातून आत आलेले मूल कायमचे साक्षर होईल इतके शिकूनच बाहेर पडले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच्याही आधी, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली होती.

आज आपली मुले शाळेबाहेर नाहीत. पटावर नाव आहे, गणवेश आहे, दप्तर आहे. पण चौथीत बसूनही वाचता येत नसेल, तर ते मूल त्या ८२ मधलेच नाही का?

मुले अडतात कुठे?

तीन महिने मी रोज संध्याकाळी अर्धा तास मुलाजवळ बसलो. तेव्हा कळले की मूल ढ नसते, अडण्याच्या जागा ठरलेल्या असतात.

पहिली जागा ऱ्हस्व वेलांटीची. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, पण उच्चार नंतर होतो. दुसरी जागा जोडाक्षरांची, त्यातही 'र'ची. 'धर्म' मध्ये तो डोक्यावर रफार होऊन बसतो, 'प्रकाश' मध्ये पोटात शिरतो, 'राष्ट्र' मध्ये पायाशी जातो. मोठ्यांना हे दिसतही नाही, मूल मात्र तिथे थांबते आणि अंदाजाने ठोकून देते.

तिसरी जागा अंकांची. मराठीत 'सत्तावीस' म्हणताना सात आधी येतात, वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी. म्हणून मूल २७ ऐवजी ७२ लिहिते. एकोणतीस तर वीसच्या घरातला असून तिसाचे नाव घेऊन येतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'ला 'वीस सात' असेही वाचन दिले, तेव्हा राज्यभर वाद झाला, थट्टाही झाली. तुम्हांला ती पद्धत पटो न पटो, मुलांची अडचण मात्र खरी आहे. घरी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधा. दोन गठ्ठे आणि सात सुट्ट्या काड्या पुढे ठेवल्या की मूल २७ विसरत नाही.

शिकलेले नसाल तरी करता येईल

"आम्हीच अडाणी, पोराला काय शिकवणार?" असे पुष्कळ आयाबहिणी म्हणतात. बाई, शिकवू नका, फक्त ऐका. पुस्तकातले कोणतेही मधले पान उघडून द्या आणि म्हणा, "वाच, मला ऐकायचंय." मध्येच एका शब्दावर बोट ठेवून विचारा, "हा कोणता?" दुसऱ्या पानावर तोच शब्द शोधायला लावा. वाचून झाल्यावर "काय झालं त्या गोष्टीत?" असे विचारा. पाठ केलेले आणि वाचलेले यातला फरक तिथेच कळतो. एसटीची पाटी, दुकानाचा बोर्ड, लाइट बिल, हे साप्ताहिक, सगळे वाचायला चालते. किराणा आणताना सुट्ट्या पैशांचा हिशोब मुलालाच करू द्या. आणि अडला तर मारू नका. मार खाणारे मूल वाचायला नाही, लपवायला शिकते.

मूल इंग्रजी माध्यमात असले तरी हीच कसोटी लावा. कविता घोकून म्हणता येणे म्हणजे इंग्रजी येणे नव्हे.

घराबाहेरचे कामही आहे. सरकारी, पालिकेच्या व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. तिथे आपल्या आयांनी गेले पाहिजे. खिचडी आणि गणवेशाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा. तिसरीतल्या किती मुलांना न शिकवलेले पान वाचता येते? ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असा कायदा आहे, मग एकाच गुरुजींवर सगळे वर्ग का? गुरुजींशी भांडण नको. एका हाताने तीन वर्ग सांभाळणाऱ्यालाही आपला आधार हवा असतो.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा स्वतःहून मला फ्रेमजवळ घेऊन गेला. 'बंधुता'वर त्याने अचूक बोट ठेवले. 'धर्मनिरपेक्ष'च्या रफाराला अजून अडतो. पण आता अंदाजाने ठोकत नाही. थांबतो, अक्षरे लावतो आणि विचारतो, "पप्पा, याचा अर्थ काय?"

'शिका' हा बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला पहिला शब्द. त्याची सुरुवात पहिलीच्या वर्गात होते. आज कामावरून घरी गेल्यावर दप्तर उघडा. मधले पान काढा. आणि सही करण्याआधी एकदा ऐका.